सुपर फॅमिकॉमची उडी उशिरा का पडते, आणि कॅसेट्स किती जमवाव्यात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. जपानी सुपर फॅमिकॉम, म्हणजे निन्टेन्डोचा जुना गेम कन्सोल, आणि सोबत गेमच्या ११ कॅसेट्स जुन्यात मिळाल्या. मूळ अडॅप्टर नव्हता, म्हणून घरात पडलेला एक लावला. मोठ्या सपाट टीव्हीवर चित्र धुरकट दिसतं, त्यातून पुसट आडवे पट्टे वर सरकत राहतात, आणि मारिओची उडी बटण दाबल्यावर किंचित उशिरा पडते. एका आरपीजीचं, म्हणजे पात्र होऊन लांबलचक कथा खेळायच्या गेमचं, सेव्ह यंत्र बंद केलं की उडतं. स्टार फॉक्स हा गेम काळ्या पडद्यापुढे जात नाही. तर हा विकून ‘सगळे कॅपॅसिटर (बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे भाग) बदललेला’ दुसरा घ्यावा, की कॉम्प्युटरवर एम्युलेटर, म्हणजे या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, टाकून मोकळं व्हावं? आणि ठेवलाच, तर पूर्ण संग्रह करायला सुरुवात कुठून करावी?

पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. तो अडॅप्टर भिंतीतून काढा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही पाच तक्रारी सांगितल्यात आणि पाचही यंत्राच्या नावावर लिहिल्यात. मला वाटतं त्यांतली एकही त्याच्या पोटातली नसावी. पट्टे अडॅप्टरचे. धुरकटपणा आणि उशीर टीव्हीचा आणि तारेचा. सेव्ह कॅसेटचं. काळा पडदा पिनांवरच्या मळाचा. हे मी यंत्र न बघता बोलतोय, त्यामुळे दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे: ते इतकी वर्षं कोरड्या जागी होतं की दमट, आणि आधीच्या मालकाने ते उघडून आत काही उद्योग केलेत का. आत पाणी गेलं असेल किंवा कुणी सोल्डरिंग शिकायला ते वापरलं असेल, तर माझं म्हणणं लागू नाही. पण सुपर फॅमिकॉम हे मुळात दणकट यंत्र आहे. २१ नोव्हेंबर १९९० ला ते जपानमध्ये आलं, आणि त्याच्या शेवटच्या आवृत्तीचं उत्पादन २००३ पर्यंत चालू होतं. आत फिरणारा भाग एकही नाही, लेझर नाही, रबरी पट्टा नाही. ज्यांनी याच्या आधीच्या फॅमिकॉमच्या डिस्क सिस्टिमचा वितळून डांबर झालेला पट्टा बोटांनी खरवडलाय त्यांना विचारा, हे किती मोठं सुख आहे.

अडॅप्टर पहिला घेतो, कारण बाकी चुका महागात पडतात आणि ही यंत्र मारते.

सुपर फॅमिकॉमच्या खोक्यात अडॅप्टर दिलेला नसायचा. जुन्या फॅमिकॉमचाच अडॅप्टर याला चालत होता आणि तो बहुतेकांच्या घरी असणार असा हिशेब होता. त्यामुळेच जुन्या बाजारात ही यंत्रं एकतर अडॅप्टरशिवाय येतात किंवा कुणाचा तरी भलताच अडॅप्टर घेऊन येतात. मूळ अडॅप्टर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअरचा, आणि त्याच्या टोकाचा मधला भाग ऋण. आजकालचे बहुतेक अडॅप्टर मधला भाग धन असलेले असतात, आणि पिन मात्र तशीच असल्यामुळे खुशाल आत बसतात. अडॅप्टरवर एक छोटं चित्र असतं, मध्ये ठिपका आणि भोवती अर्धवर्तुळ. ठिपक्याला वजा जोडलेलं हवं. शिवाय मूळ अडॅप्टर जपानच्या १०० व्होल्टच्या विजेसाठी होता. २२० किंवा २४० व्होल्टच्या प्लगमध्ये तो थेट लावला की तो जातोच.

माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत माझ्याकडे अमेरिकन एनईएसचा, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकन रूपाचा, अडॅप्टर होता. व्होल्टेज ९ लिहिलेलं, पिन तीच, मी लावला. त्यावर ‘एसी’ लिहिलं होतं हे नंतर वाचलं. अमेरिकन एनईएसला एसी चालतं, कारण ते आत स्वतः डीसी करून घेतं. सुपर फॅमिकॉम तसं करत नाही. फ्यूज उडाला, वीज जिथून आत येते तिथला कॅपॅसिटर फुगला, आणि खोलीत जो वास आला तो आजही ओळखेन. तेव्हापासून अडॅप्टर लावण्याआधी त्याची चिठ्ठी भिंग घेऊन वाचायची सवय लागली.

नवा घ्यायचा तर ९ व्होल्ट डीसी, मधला भाग ऋण, किमान १ अँपिअरचा, चांगल्या प्रतीचा स्विचिंग अडॅप्टर घ्या. यंत्राच्या आत एक रेग्युलेटर येणारा दाब ५ व्होल्टवर आणतो आणि उरलेलं उष्णता करून टाकून देतो, त्यामुळे ९ पुरतात. १२ व्होल्टने चालेल, पण तो रेग्युलेटर उगाच भाजत राहील. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलच्या पहिल्या मॉडेलचा अडॅप्टर चालतो. दुसऱ्या मॉडेलचा चालत नाही, त्याची पिनही वेगळी आणि ध्रुवही उलटे. बऱ्यापैकी अडॅप्टर लावला की ते सरकणारे पट्टे जातील अशी माझी खात्री आहे. गेले नाहीत तर मगच पुढे बघू. आणि यंत्र चालू होतंय म्हणजे अडॅप्टर बरोबर आहे, असं मात्र कधीही समजू नका.

आता उडी. तुम्ही प्रश्नात विचारलंय की ‘माझाच हात म्हातारा झाला का’. थोडा झाला असेल, माझाही झालाय, पण उशीर खरा आहे.

हे यंत्र सेकंदाला ६० चित्रं पाठवतं, म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद. जुन्या काचेच्या टीव्हीत, म्हणजे सीआरटीत, येईल ती ओळ येईल त्या क्षणी काचेवर उमटायची. थांबायला तिथे जागाच नव्हती. सपाट टीव्ही आधी अख्खं चित्र गोळा करतो, मग त्यावर विचार करतो, मग ताणून मोठं करतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. चार चित्रांइतका वेळ यात गेला तर ६७ मिलिसेकंद झाले. सिनेमा बघताना हे कुणाला कळणार नाही. कड्याच्या टोकावरून उडी मारताना लगेच कळतं, कारण हे गेम उशीर शून्य धरून रचलेले आहेत.

त्यात आणखी एक भानगड आहे, आणि धुरकटपणाचं मूळ बरंचसं तिथे आहे. त्या काळच्या प्रक्षेपणात चित्र दोन हप्त्यांत यायचं, आधी विषम ओळी, मग सम. त्याला ४८०आय म्हणतात. गेम कन्सोल मात्र लबाडी करायचे. ते प्रत्येक वेळी त्याच ओळींवर नवं पूर्ण चित्र काढायचे, ज्याला आपण २४०पी म्हणतो. सीआरटीला यात वावगं काही दिसत नसे. आजचे बरेच टीव्ही मात्र याला ४८०आय समजतात आणि दोन वेगवेगळ्या क्षणांची चित्रं एकमेकांत विणून एक करू बघतात. परिणाम म्हणजे कडा फाटतात, हालचाल झाली की चिखल होतो, आणि वेळ जातो तो वेगळाच.

तुमचा टीव्ही हे करतो का, याची घरबसल्या चाचणी आहे. सुपर मारिओ वर्ल्डमध्ये मुद्दाम मार खा. मारिओ लहान होऊन काही क्षण लुकलुकतो. ते लुकलुकणं म्हणजे एका चित्रात मारिओ, पुढच्यात नाही. टीव्ही चित्रं विणत असेल तर लुकलुकण्याऐवजी मारिओ पट्ट्यापट्ट्यांचा दिसेल, नाहीतर तेवढा वेळ गायबच होईल. असं दिसलं तर दोष टीव्हीचा, आणि दुसरा कन्सोल आणून तो जाणार नाही. ‘सगळे कॅपॅसिटर बदललेला’ आणलात तरी मारिओ पट्ट्यांचाच दिसेल.

उपाय तीन. पहिला फुकटचा: टीव्हीतला गेम मोड चालू करा आणि चित्र ‘सुधारणाऱ्या’ सगळ्या सोयी बंद करा. निम्मा त्रास कधीकधी इथेच संपतो. दुसरा, सीआरटी मिळवा. चित्र आणि हात यांच्या दृष्टीने याला तोड नाही, आणि सुपर स्कोपसारखी बंदूक तर सीआरटीशिवाय चालतच नाही, कारण ती काचेवर फिरणाऱ्या किरणाची वेळ मोजूनच नेम ओळखते. पण ते धूड जड असतं, नवं कुणी बनवत नाही, आणि मागचं झाकण तुम्ही उघडायचं नाही. आत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा खेळ असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. मी कन्सोल उघडतो, सीआरटी उघडत नाही.

तिसरा म्हणजे ओएसएससी किंवा रेट्रोटिंक यांसारखं यंत्र. ते २४०पीला २४०पी म्हणूनच ओळखतं, ओळी दुप्पट-तिप्पट करून टीव्हीला त्याच्या भाषेत देतं आणि त्यात जाणवण्याइतका उशीर करत नाही. इथे लोक हमखास एक चूक करतात: एव्ही तारा एचडीएमआयमध्ये घालणारी चिमुकली स्वस्त डबी घेतात. ती डबीसुद्धा २४०पीला ४८०आयच समजते. म्हणजे जी चूक टीव्ही करत होता ती आता डबी करते, आणि त्यावर टीव्ही आपला उशीर चढवतो.

तारेबद्दल थोडक्यात. तुम्ही आता पिवळ्या पिनेची काँपोझिट तार वापरताय. तिच्यात सगळे रंग आणि उजेड एकाच तारेतून दाटीवाटीने येतात, त्यामुळे कडांना रंग सुटतो. तुमच्या यंत्राच्या मागच्या खाचेतून एस-व्हिडिओ (रंग आणि उजेड वेगळे) आणि आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे) दोन्ही मिळतं. आरजीबी घ्यायची असेल तर विक्रेत्याला तार जपानी यंत्रासाठीच आहे ना हे विचारून घ्या. युरोपी यंत्राची तार दिसायला तीच, पण आतली जोडणी वेगळी. जपानी २१ पिनांचा प्लग आणि युरोपी स्कार्ट हेसुद्धा जुळ्या भावांसारखे दिसतात आणि आतून भलतेच असतात. काँपोझिटला मात्र सरसकट नावं ठेवू नका. मेगा ड्राइव्हवरचे काही गेम तिच्या धुरकटपणावरच विसंबून होते. १९९१ च्या सॉनिकमधला धबधबा हा खरं तर उभ्या रेघांचा पडदा आहे, काँपोझिटमध्ये त्या रेघा मिसळल्या की पाणी पारदर्शक दिसतं. स्वच्छ आरजीबीत तिथे नुसत्या रेघा दिसतात.

स्टार फॉक्सकडे येतो, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली खूण ती आहे. (कॅसेट म्हणायला लाजू नका. जपानीतही या वस्तूला ‘कासेत्तो’च म्हणतात.)

या यंत्राच्या खाचेत ६२ पिना आहेत. साध्या कॅसेटला मधल्या ४६ पुरतात. दोन्ही कडांच्या उरलेल्या पिना ज्या कॅसेटच्या पोटात जास्तीची चिप असते तिच्यासाठी. १९९३ च्या स्टार फॉक्समध्ये सुपर एफएक्स नावाची चिप आहे, जी ते त्रिमितीय आकार काढते, आणि ती कडेच्या पिना वापरते. तुमच्या बाकीच्या कॅसेट्स वर्षानुवर्षं मधल्या पिनांवर घासल्या जाऊन तिथला मळ निघत राहिला, कडेच्या पिनांना कुणी हातच लावला नाही. म्हणून बाकी सगळं चालतं आणि स्टार फॉक्स चालत नाही. ही कॅसेट मेलेली असण्यापेक्षा खाचेच्या कडा मळलेल्या असण्याची शक्यता मी कितीतरी जास्त धरतो.

सफाई अशी. कापूसकाडी ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून कॅसेटच्या पट्ट्यांवरून वर-खाली फिरवा, आडवी नको. काळं निघेल. निघायचं थांबेपर्यंत नव्या काड्या घ्या. पूर्ण वाळू द्या. खाचेसाठी एक पातळ जुनं कार्ड घ्या, त्यावर धागे न सुटणारं फडकं गुंडाळा, अल्कोहोल लावा आणि कॅसेटसारखं हळू आत-बाहेर करा. कडांपर्यंत पोचतंय ना ते बघा. सँडपेपर, भांड्यांची पावडर, खोडरबर यांतलं काही नको. पट्ट्यांवरचा सोन्याचा थर केसाहून पातळ असतो, एकदा गेला की गेला.

आणि फुंकर मारायची नाही. मला माहीत आहे, आपण सगळ्यांनी मारली, आणि चालायचंही. चालायचं ते कॅसेट काढून परत घातल्यामुळे, पिना घासल्या जाऊन. फुंकरीने फक्त थुंकीची वाफ तांब्यावर जमते आणि काही वर्षांनी हिरवी पडते. निन्टेन्डोने पुढे फुंकू नका असं स्वतःच लोकांना बजावलं.

सफाई आधी सांगतोय त्याला आणखी एक कारण आहे: तुमचं उडणारं सेव्ह. सगळे म्हणतील बॅटरी संपली, आणि बहुधा तसंच असेल. पण बरेच गेम सुरू होताना जुन्या सेव्हची बेरीज तपासतात. मळक्या पिनांमुळे चुकीचे आकडे वाचले गेले की गेमला वाटतं सेव्ह बिघडलं, आणि तो स्वतःच ते पुसून टाकतो. म्हणून आधी पिना पुसा, नवं सेव्ह करा, रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. तरी गेलं तर बॅटरी.

बॅटरीचं गणित मला फार आवडतं. आत सीआर२०३२ जातीचं नाणं, म्हणजे नाण्यासारखी चपटी बॅटरी, असतं, साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचं. यंत्र बंद असताना त्या मेमरी चिपला जागं राहायला अगदी नगण्य वीज लागते. ती एक मायक्रोअँपिअर धरली तर २२० भागिले ०.००१ म्हणजे २,२०,००० तास, म्हणजे जवळपास २५ वर्षं. प्रत्यक्षात चिप आणि उष्णतेप्रमाणे हा काळ कमी-जास्त होतो, पण १९९२ ची कॅसेट आजही सेव्ह धरून बसलेली मला अजूनही भेटते, ती याच हिशेबाने. कॅसेट उघडायला ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो, यंत्राला ४.५ चा. मल्टिमीटर लावा. नाणं ३ व्होल्टच्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. २.५ च्या खाली असेल तर बदला, कारण अशा चिपची स्मृती साधारण २ व्होल्टपर्यंतच टिकते आणि वाटेत एका डायोडमध्येही थोडं खर्च होतं.

बदलताना नाण्यावर थेट सोल्डरिंग करायचं नाही, ते तापून फुटतं. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या जिभा आधीच जोडलेलं नाणं मिळतं, ते घ्या. जुनं काढण्याआधी धन-ऋणाचा फोटो काढून ठेवा. यंत्र चालू ठेवून, कॅसेट उघडी ठेवून, चालत्या विजेवर नाणं बदलण्याचे व्हिडिओ तुम्हाला दिसतील, म्हणजे सेव्ह जात नाही. मी ते करत नाही. एकदा सोल्डरची गोळी ओघळली की सेव्हसकट कॅसेट जाते. सेव्ह जपायचं असेल तर कॅसेट वाचणारं उपकरण मिळतं, त्याने आधी सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवा, बॅटरी बदला, परत चढवा.

तर दुसरा, कॅपॅसिटर बदललेला कन्सोल घ्यावा का? माझं उत्तर नाही. कॅपॅसिटर सगळ्या यंत्रांचे सारख्या वेगाने मरत नाहीत. १९९० चा गेम गियर किंवा पीसी इंजिन ड्युओ म्हटलं तर मी न बघताच सांगेन की बदला, तिथे ते गळतात आणि खालचा बोर्ड खातात. पहिल्या एक्सबॉक्समधला घड्याळाचा कॅपॅसिटरही तसाच कुप्रसिद्ध. सुपर फॅमिकॉम त्या पंगतीत नाही. त्याच्यात लक्षणं दिसली तर बदलावेत: आवाज दबका झाला, चित्र फिकं पडत गेलं, आत कॅपॅसिटरच्या पायथ्याशी ओल किंवा माशाच्या वासासारखा वास आला तर. लक्षणं नसताना बदललेले असतील तर मी उलट सावध होतो. घाईने केलेल्या कामात बोर्डावरचा तांब्याचा ठसाच उचकटतो आणि वरून काही दिसत नाही. विक्रेता आतल्या कामाचा स्पष्ट फोटो देत नसेल तर ‘कॅपॅसिटर बदलले’ या ओळीची किंमत शून्य धरा.

एम्युलेटरला मी शत्रू मानत नाही. माझ्याकडेही आहे. जपानी येत नसताना लांबलचक आरपीजी खेळायचे असतील, गेम आवडतोय का ते बघायचं असेल, तर तोच बरा. आजचे एम्युलेटर पुढचं चित्र आधीच मोजून ठेवून उशीर बराच कमी करतात. गेमच्या फाइल्स कुठून आणायच्या याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, ते तुमचे तुम्ही बघा. स्वतःच्या कॅसेट वाचून उतरवणं मला सगळ्यात कमी कटकटीचं वाटतं. पण तुमचं यंत्र विकायचं कारण जर धुरकट चित्र आणि उशीर असेल, तर सावध राहा. त्याच टीव्हीवर, गेम मोडशिवाय, एम्युलेटरची उडीही उशिराच पडेल.

राहिला संग्रह. जपानमध्ये या यंत्रासाठी चौदाशेहून जास्त गेम निघाले. पूर्ण संग्रह करायचा म्हणजे त्यातले माहजोंगचे, पाचिंकोचे, घोड्यांच्या शर्यतींचे आणि एकसारख्या बेसबॉलचे ढीगही घ्यायचे. मी एके काळी तीनशेच्या पुढे गेलो होतो. एके दिवशी कपाटातून एक कॅसेट काढली आणि ती माझ्याकडे दोनदा असल्याचं कळलं; दोन्ही कधी लावलेल्या नव्हत्या. त्या वर्षी निम्म्याहून अधिक विकल्या आणि त्यातलं फारसं काही परत घ्यावंसं वाटलेलं नाही. आता माझा नियम असा की हातातली कॅसेट संपेपर्यंत, किंवा कंटाळून प्रामाणिकपणे सोडेपर्यंत, पुढची घ्यायची नाही. वहीत लिहून ठेवतो. हा नियम मी मोडतो, पण मोडताना मला कळतं.

गुंतवणूक म्हणून बघत असाल तर माझा सल्ला घेऊ नका. जुलै २०२१ मध्ये सीलबंद सुपर मारिओ ६४ ची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना लिलावात गेली, आणि हा गेम जगभर एक कोटीहून जास्त प्रतींत विकलेला आहे. तो बाजार गेमांचा कमी आणि प्लास्टिकच्या आवरणाचा जास्त आहे.

तुम्ही जपानी यंत्र घेतलंत हे मात्र शहाणपणाचं झालं. उडी, गोळीबार, शर्यत असल्या गेमांना भाषा लागत नाही, आणि एकाच गेमची जपानी प्रत अमेरिकन प्रतीपेक्षा सहसा बरीच स्वस्त असते. अमेरिकन कॅसेट तुमच्या यंत्रात बसणार नाही, पण ते केवळ प्लास्टिकच्या आकारामुळे, आतली कुलूप-चिप दोन्हीकडे एकच आहे. युरोपी कॅसेट उलट आकाराने बसते आणि चिप तिला अडवते. अडवतं ते बरंच, कारण ५० हर्ट्झसाठी केलेले गेम वेगळ्याच वेगाला जुळवलेले असतात.

नकली मालाची एक हुकमी खूण सांगतो. सुपर फॅमिकॉमच्या आकाराची, पण इंग्रजी बोलणारी आरपीजी दिसली की ती नंतर कुणीतरी बनवलेली. सेइकेन देन्सेत्सु ३ जपानमध्ये १९९५ ला आला आणि त्याचं अधिकृत इंग्रजी रूप २०१९ मध्ये निघालं, तेही नव्या यंत्रांवर. तरी इंग्रजी ‘मूळ’ कॅसेट सर्रास विकायला असते. बाकी वेळी उघडून बघा: बोर्डावर निन्टेन्डो छापलेलं हवं, चिपवर चार आकडी तारीख हवी, उदाहरणार्थ ९३२४ म्हणजे १९९३ चा २४ वा आठवडा, आणि ती गेमच्या सालाशी जुळायला हवी. काळ्या डांबराचा गोळा दिसला तर परत करा. नकली बोर्डांवर कधीकधी ३.३ व्होल्टची चिप यंत्राच्या ५ व्होल्टना थेट जोडलेली असते. ती स्वतः मरतेच, यंत्रालाही ताण देते.

साठवणीत ऊन आणि दमटपणा टाळलात की बहुतेक झालं. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही: कंट्रोलरची तार यंत्राभोवती गुंडाळून ठेवू नका. तारेच्या आवरणातलं मऊपणा देणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि कन्सोलच्या प्लास्टिकमध्ये मुरतं. काही वर्षांनी तार सोडवली की खाली तिचा वितळलेला चर उमटलेला असतो, आणि तो कशानेही निघत नाही. थर्मोकोलला तार टेकून ठेवली तर तिथेही हेच. पिवळेपणा मात्र तसाच राहू द्या. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन वापरून तो घालवतात, छान दिसतं, आणि बऱ्याचदा काही वर्षांनी तो परत येतो. वरचं झाकण पिवळं आणि खालचं करडं असं दोन रंगांचं तुमचं यंत्र असेल, तर त्यात नवल नाही. दोन भागांचं प्लास्टिक वेगवेगळ्या घाण्याचं होतं, म्हणून एकच पिवळा पडला.

आता क्रम. आज अडॅप्टर. तो येईपर्यंत सफाई, कॅसेटची आणि खाचेचीही. मग गेम मोड लावून मारिओला मार खायला घाला आणि लुकलुकणं बघा. त्यावरून २४०पी समजणारं यंत्र घ्यायचं की सीआरटी शोधायचा ते ठरेल. बॅटरी शेवटी.

बॅटरीबद्दल एकच गोष्ट राहिली. ज्या आरपीजीचं सेव्ह उडतंय तिच्यात जपण्यासारखं काही उरलेलं नाही, ती बिनधास्त उघडा. बाकीच्या कॅसेट्सना हात लावण्याआधी प्रत्येक लावून सेव्हची यादी एकदा बघा. माझ्याकडे आलेल्या एकीत पहिल्या खणात चार जपानी अक्षरांचं कुणाचं तरी नाव होतं, ६१ तास खेळलेलं, शेवटच्या राक्षसाच्या दाराशी येऊन थांबलेलं. मी ते उतरवून घेतलं, नाणं बदललं, परत चढवलं. मी दुसऱ्या खणात खेळतो.